बायकांच्या इच्छेची गोळी: औषध की धंदा?

फोंडेकरीण: माझं मत स्पष्ट आहे, हा धंदा. बायकांची कामेच्छा वाढवायची ही गोळी, फ्लिबॅन्सेरिन, मुळात नैराश्यावरचं औषध म्हणून निघाली. तिथं जमलं नाही, म्हणून बायकांच्या माथी. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २०१० आणि २०१३ मध्ये नाकारलं, मग 'पुरुषांना औषध, बायकांना का नाही' अशी मोहीम झाली, तिला कंपनीचाच पैसा, आणि २०१५ मध्ये मंजुरी! फायदा किती? रोज गोळी घेऊन, नकली गोळीच्या तुलनेत महिन्याला समाधानाच्या संबंधाचा जेमतेम एखादा प्रसंग जास्त.

म्हापशेचो_फार्मासिस्ट: एखादा प्रसंग म्हणून हसू नका. महिनोन्‌महिने इच्छाच मेलेल्या बाईला विचारा. पुरुष काउंटरवर येऊन सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, मागतात, त्यांना कोणी हिशेब विचारत नाही. एक जण तर बायकोसाठीच न्यायला आला होता! त्याला सांगितलं, बाबा, ती गोळी रक्तपुरवठा वाढवते, मन नाही. ती बनवणाऱ्या फायझर कंपनीने सुमारे ३,००० बायकांवर तपासून २००४ मध्ये तो नाद सोडला. फ्लिबॅन्सेरिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतं, म्हणून रोज घ्यावं लागतं.

फोंडेकरीण: आणि दारूचं काय? या गोळीसोबत घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते. एक-दोन पेग झाले तर दोन तास थांबा, तीन झाले तर त्या रात्री गोळी नको. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत आमच्या गोंयात हे सांभाळणार कोण?

म्हापशेचो_फार्मासिस्ट: दारूची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. ही गोळी दारूसोबत घेतल्यावर काय होतं, याची पहिली तपासणी २५ जणांवर झाली, त्यांत बायका फक्त दोन. बायकांचं औषध, पुरुषांवर तपासलेलं! तुमचा राग तिथं काढा, औषधावर नको.

मडगावची_माई: दोघांनाही एक विचारते. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखत असेल, तर इच्छा येणार कुठून? तिथं योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम कामाचं. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही इच्छा जाते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती गोळी बदलता येते. इच्छेसाठीच ब्रेमेलॅनोटाइड नावाच्या औषधाचं इंजेक्शन २०१९ मध्ये अमेरिकेत आलं, पोटात किंवा मांडीत स्वतः टोचायचं, संबंधाच्या पाऊण तास आधी, आणि १०० पैकी ४० जणींना मळमळ. मळमळत असताना कसली इच्छा, हो?

फोंडेकरीण: माई, हेच तर म्हणतेय मी!

मडगावची_माई: नाही गो. तू औषधच नको म्हणतेस. मी म्हणते, आधी दुखतंय का ते विचारा, मग गोळीचं बोला.