मदत हवी आहे: बीआरसीए-१ चाचणीसाठी काकांना कसं तयार करावं?

माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी, ३६व्या वर्षी, स्तनाचा कॅन्सर निघाला. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू न पडणारा प्रकार. केमो आणि ऑपरेशन होऊन आता ती सावरते आहे. वय कमी म्हणून डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सुचवली, त्यात बीआरसीए-१ या जनुकात म्युटेशन (कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड) सापडलं. आईची चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे ते बाबांकडूनच आलेलं. बाबा आता नाहीत. आत्या 'पोटाच्या कॅन्सरने' गेली असं लहानपणापासून ऐकत होतो. जुने कागद काढून पाहिले तर तो ओव्हरीचा (अंडाशयाचा) होता.

माझी चाचणी निगेटिव्ह आली. जीव अडकलाय तो काकांच्या दोन मुलींमध्ये. मोठी २८ची, धाकटी २५ची. काकांचं म्हणणं, "हा बायकांचा आजार, माझा काय संबंध? आणि पोरींची लग्नं व्हायचीत, असला रिपोर्ट घरात नको."

हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे ते वडिलांकडूनही तितकंच येतं. पुरुषाला स्वतःला काहीही न होता पुढे मुलींत उतरू शकतं. म्हणून आधी फक्त काकांनी रक्त दिलं तरी पुरे! ते निगेटिव्ह आले तर मुलींची या म्युटेशनच्या टांगणीतून सुटका, त्यांच्या नावाचा रिपोर्टच नको. पॉझिटिव्ह आले तर प्रत्येकीला ५०% शक्यता. घरातलं म्युटेशन माहीत असल्याने तेवढीच जागा तपासतात, खर्चही बराच कमी येतो.

थांबायला मन धजत नाही. बीआरसीए-१ मध्ये असं म्युटेशन असेल तर ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७०%च्या आसपास, ओव्हरीचा ४०%च्या वर. स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय करता येतो. ओव्हरीचा मात्र लवकर पकडणारी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४०च्या दरम्यान ओव्हरी आणि त्यांच्याजवळच्या बीजवाहक नळ्या काढायचा सल्ला देतात. म्हणजे मोठीला लग्न, मुलं हे सगळं ठरवतानाच ही माहिती हाताशी हवी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा विरोध झाला होता का? जेनेटिक काउन्सेलरने घरच्या वडीलधाऱ्यांशी थेट बोलल्याचा उपयोग झाला का? दोघी सज्ञान आहेत, तर काकांना डावलून त्यांच्याशी बोलणं योग्य ठरेल का? काकू ऐकून घेतात, पण काकांपुढे बोलत नाहीत. टाटा मेमोरियलच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकचा कुणाला अनुभव असेल तर तोही लिहा.

गणपतीला सगळे काकांकडेच जमणार आहोत. त्याआधी काकांना एकट्याने गाठावं की बहिणीलाच बोलू द्यावं?