मदत हवी आहे: युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक ओळ बदलली की चहा पिऊन यावं लागतं

मंडळी, आमच्या गेममध्ये नुसता सेमीकोलन टाकून सेव्ह केलं तरी खालचं चक्र ४० सेकंद फिरत बसतं. दोष आमचाच. ६०० स्क्रिप्ट एकाच असेंब्ली-सीशार्पमध्ये (युनिटीच्या कोडच्या मूळ गठ्ठ्यात) कोंबल्यात; एक बदलली की सगळ्या पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलायच्या. असेंब्ली डेफिनिशन (कोणता कोड कोणत्या गठ्ठ्यात ते सांगणारी फाइल) लावून तुकडे पाडायला घेतले, तर इन्व्हेंटरीला प्लेअर लागतो आणि प्लेअरला इन्व्हेंटरी. असा उलटसुलट संदर्भ चालत नाही. इंटरफेसची (आतला कोड नसलेल्या, नुसत्या फंक्शनांच्या यादीची) वेगळी असेंब्ली दोघांच्या मध्ये घालू का?

प्ले दाबतानाचं डोमेन रीलोडही (कोड आणि त्यातली मूल्यं नव्याने लोड करणं) बंद करून पाहिलं. स्टॅटिक स्कोअर मागच्या डावाचाच राहिला (हसू नका), आणि कंपाइलनंतरचं रीलोड तसंही होतंच.

तुकडे पाडायला सुरुवात कुठून करू, बाहेरून घेतलेल्या प्लगिनपासून की आपल्या कोडपासून?