नवीन ट्रॅक्टर घ्यायचाय, कंपनी बघू की शोरूम? खानापूर-बेळगाव भागातल्यांनी सांगा

मलप्रभा_काठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. घरात पहिलाच नवीन ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय, ४५ एचपीच्या आसपासचा. थोडं भात, थोडा ऊस. पावसात चिखलणी, नंतर रोटर (रोटाव्हेटर), आणि सीझनला भाऊबंदांच्या उसाची एखादी ट्रॉली ओढायची, भाड्यानं लई फिरवायचा विचार नाही. आजवर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं पण एकदा पाऊस लागला की सगळ्यांचीच घाई, तरवा (भाताचं रोप) वाढून बसतो आणि आपण नुसतं फोन लावत बसायचं.

आता भ्या कशाचं वाटालंय ते सांगतो. मामाच्या पोरानं गेल्या वर्षी नवाकोरा घेतला. कंपनी आणि शोरूमचं नाव इथं टाकत नाही. पहिल्याच पावसाळ्यात रोटर वर धरला की लिफ्ट हळूहळू खाली यायला लागली. शोरूमला फोन केला की "उद्या माणूस पाठवतो", उद्या केला की परत उद्या. शेवटी माणूस आला, वरवर बघितलं आणि पार्ट मागवावा लागतोय म्हणून गेला तो गेलाच, ऐन रोप लावणीत ट्रॅक्टर दारात उभा. आणि वर काय म्हणालेत, चिखलात चालवलाय म्हणून वॉरंटीत बसत नाही! अहो खानापुरात भातासाठी घेतलेला ट्रॅक्टर चिखलात नाही चालवायचा तर कुठं चालवायचा, आणि विकताना ह्याच लोकांनी मोबाईलवर चिखलणीचा व्हिडिओ दाखवला होता की.

तर विचारायचं असं की कमी बिघडणारी कंपनी कुठली? आणि दुसरं, बेळगावपेक्षा तिकडं गडहिंग्लज-कोल्हापूरला तोच मॉडेल कमी दरात सांगालेत. तिकडं जीएसटी कमी आहे का? तिकडनं आणला तर पासिंगचं, वॉरंटीचं कसं? बाबा म्हणालेत जवळचाच घे, भाऊ म्हणतोय पैसे वाचव.

निपाणी_ऊसवाला

भावा, कंपनीच्या नादाला लागू नकोस. ४५ एचपीच्या गटात आज ज्या पाच-सहा कंपन्या चालतात त्यांची इंजिनं सगळ्यांचीच बरी आहेत, सरळसाधी डिझेल इंजिनं, वर्षानुवर्षं चालत आलेली. शेतकरी रडतो तो इंजिनामुळं नाही, शोरूममुळं रडतो. एकाच कंपनीचा ट्रॅक्टर एका तालुक्यात लोक डोक्यावर घेतात आणि दुसऱ्या तालुक्यात शिव्या देतात, फरक फक्त सर्विस देणाऱ्याचा.

आमचा अनुभव सांगतो. ऊस सीझनमध्ये क्लच घसरायला लागला, ट्रॅक्टर नवाच. शोरूमनं तोंडानं सांगितलं की क्लचप्लेट झिजणारा पार्ट आहे, वॉरंटी नाही. प्लेट झिजते ते खरं आहे, पण आमची प्लेट झिजली नव्हती, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधनं ऑइल गळून प्लेटवर गेलं होतं. सील फेल म्हणजे कंपनीचा दोष. हे आमच्या गावच्या मेस्त्रीनं हाऊसिंगच्या तळाची खुंटी काढून दाखवलं, ऑइलचे थेंब बोटावर घेऊन. त्याचा व्हिडिओ काढला, जॉब कार्डवर (दुरुस्तीला गाडी घेताना शोरूम करतं तो कागद) "क्लच हाऊसिंगमध्ये ऑइल" असं लिहून घेतल्याशिवाय चावी सोडली नाही, आणि तोच फोटो कंपनीच्या कस्टमर केअरच्या मेलवर टाकला. मग कंपनीचा एरियाचा सर्विसवाला स्वतः आला आणि सील प्लेट दोन्ही फुकट बसली. तोवर शोरूममधला माणूस आमच्याशी नीट बोलतसुद्धा नव्हता. तोंडी तक्रारीला तिथं काही किंमत नाही, जॉब कार्ड नंबर पाहिजे, तारीख पाहिजे आणि त्या दिवशीचा तास मीटरचा आकडा पाहिजे.

दराचं म्हणशील तर जीएसटी देशभर एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला, तो कोल्हापूरलाही ५ आणि बेळगावलाही ५. तिकडं कमी सांगत असतील तर ती डीलरची सूट आहे, नाहीतर कोटेशनमध्ये काहीतरी धरलेलं नाही. टॉपलिंक, ड्रॉबार, हूक, बंपर, छत, टूल किट, इन्शुरन्स, पासिंग, सगळं एकेक ओळीत लिहून घे दोन्हीकडनं आणि मग बेरीज कर. आमच्याकडं हे केल्यावर फरक लई कमी उरला होता.

घटप्रभा_मेस्त्री (हुक्केरी)

ट्रॅक्टरचंच काम करतो, शोरूमला होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे.

मलप्रभा दादा, तुमच्या मामांच्या पोराचं ऐकून वाईट वाटलं. लिफ्ट उतरायचं कारण बहुतेक वेळा सिलिंडरमधल्या पिस्टनची ओ-रिंग नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह. ओ-रिंग म्हणजे रबराची कडी, तिची किंमत ती काय. त्यासाठी लावणीत ट्रॅक्टर उभा ठेवणं हे मेकॅनिक नसल्याचं लक्षण आहे, पार्ट नसल्याचं नाही.

चिखलणीचं मात्र समजून घ्या. भाताच्या भागात ट्रॅक्टर मरतो तो पाण्यानं. पुढच्या हबचं सील आणि मागच्या ॲक्सलचं सील चिखलात दबतं, पाणी आत शिरतं, आणि बऱ्याच ट्रॅक्टरात गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं, त्यामुळं पाणी गिअरबॉक्सात गेलं की लिफ्टचा पंपही जातो. डिपस्टिक काढून बघायची, ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं की पाणी गेलंय म्हणून समजा. अजून खात्री पाहिजे तर सकाळी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी खालचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी जड, रात्रभरात तळाला बसतं, ते आधी येतं आणि मग ऑइल. चिखलणी संपली की पुढच्या हबला नवीन ग्रीस मारून जुनं बाहेर येईपर्यंत काढायचंच.

घेताना विचारा, चिखलणीसाठी ह्या मॉडेलला वेगळं सील किट येतं का, आणि चिखलणीत सील गेलं तर वॉरंटी आहे का नाही. उत्तर कोटेशनवरच लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. लिहून द्यायला का-कू केली तर पुढचं समजलं. आणि टायर, बॅटरी, डिझेल पंप ह्यांची वॉरंटी बहुतेक ठिकाणी त्या त्या बनवणाऱ्याची असते, ट्रॅक्टर कंपनीची नाही, हे डिलिव्हरीच्या दिवशी कोण सांगत नाही.

५० एचपीच्या वर जाऊ नका असं माझं मत. १ जानेवारी २०२३ पासून ५० च्या वरच्यांना ट्रेम ४ चा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा, नियम लागला, त्यामुळं त्यात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, सेन्सर, वायरिंग आलं. ताकद चांगली, डिझेलही बरं खातात, पण लाइट पेटली की माझ्यासारख्याचा पाना चालत नाही, शोरूमचा लॅपटॉपच लागतो. तुमच्या कामाला ४५ भरपूर. एचपी बघताना बॉनेटवरचा आकडा सोडा, पीटीओचा, म्हणजे मागनं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा, एचपी विचारा, रोटर त्याच्यावर चालतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणीची संस्था आहे, तिच्या रिपोर्टात पीटीओची ताकद, डिझेल किती लागतं, लिफ्ट किती वजन उचलते सगळं असतं. शोरूमवाल्याला तो रिपोर्टच मागा.

आणि एक, शोरूमला गेल्यावर पुढच्या काचेच्या खोलीत बसू नका, मागं वर्कशॉपात जा. तिथं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मालकांशी बोला, कधीपास्नं उभा आहे विचारा. मग स्पेअरच्या काउंटरला जाऊन त्याच मॉडेलचा हायड्रॉलिक फिल्टर, पुढच्या हबचं सील आणि फॅन बेल्ट मागा. तीनही हातात आले तर शोरूम चालतंय. "मागवून देतो" म्हणाले तर पावसाळ्यातही तेच म्हणणार.

यळ्ळूर_भात

आम्ही कोल्हापूरच्या बाजूनं आणलाय, तक्रार नाही. पण खरं सांगायचं तर पाव्हण्यांचं गाव तिकडं, त्यांचा शोरूममध्ये शब्द चालतो म्हणून. फ्री सर्विसला इकडच्या बेळगावच्या डीलरकडं नेला तर केली, नाही म्हणाले नाहीत, पण ज्यांनी इथनंच घेतलाय त्यांचा नंबर आधी. लावणीच्या दिवसात ते जाणवतं.

चिकोडी_रोड

पासिंगचं विचारलंय म्हणून लिहितो. गाडी जिथं ठेवणार आणि मालक जिथं राहतो तिथल्या आरटीओत नोंद, म्हणजे तुमचं खानापूर केए २२, बेळगाव. आमच्यासारखे निपाणी-चिकोडीवाले केए २३. कोल्हापूरचा डीलर टेंपररी नंबर काढून देतो, त्यावर आणायचा आणि इथं पक्की नोंद करायची. फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्याला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला), इन्व्हॉइस आणि इन्शुरन्स हे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही, नाहीतर एका कागदासाठी परत घाट. फॉर्म २१ वर कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं, तिथं बोट ठेवून वाचा. जानेवारीत घेतलेला ट्रॅक्टर आदल्या मार्चचा निघाला तर विकताना एक वर्ष जुना धरतात. टायरवरही चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. ट्रॉलीची नोंद आणि इन्शुरन्स वेगळा, ऊस ओढणार असाल तर ते आत्ताच करून टाका.

आता मामांच्या मुलाबद्दल. त्यांनी गप्प बसू नये. आधी कंपनीला लेखी, मग १९१५ ला फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तरीही ऐकलं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार घालायची सोय आहे, म्हणजे डीलर कोल्हापूरचा असला तरी तुम्हाला तिकडं खेटे घालायला लागत नाहीत. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. डीलरचा वकील "हा भाड्यानं चालवतो, हा ग्राहक नाही, व्यापारी आहे" असं म्हणतो, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्यानं ग्राहक धरलंय. मात्र कागद पाहिजेत, निपाणीवाले म्हणाले ते जॉब कार्ड तिथं कामाला येतं. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करायचं, नाहीतर एकमेकांकडं बोट दाखवत बसतात.

मलप्रभा_काठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोण सांगत नाही. मामाच्या पोराकडं जॉब कार्ड एकच हाय, बाकी सगळं फोनवर. व्हॉट्सॲपवर शोरूमच्या माणसाला पाठवलेले मेसेज आणि लिफ्टचा व्हिडिओ मात्र तारखेसकट हायत, ते चालंल का? आणि मेस्त्री अण्णा, डिलिव्हरी घेताना लिफ्ट कशी बघायची ते सांगा की, शोरूमच्या फरशीवर सगळेच ट्रॅक्टर चांगले दिसतात.

चिकोडी_रोड

चालतात, मेसेज डिलीट करू नका आणि तो मोबाईल बदलू नका. आजच त्याला कंपनीच्या मेलवर पहिल्यापासनं सगळं एका पत्रात लिहायला सांगा, चासी नंबर आणि तास मीटर टाकून. शोरूमला तेच पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. मराठीत लिहिलं तरी चालतं, खाली सही आणि तारीख पाहिजे.

घटप्रभा_मेस्त्री (हुक्केरी)

मोकळ्या लिफ्टवर काही कळत नाही, वजन पाहिजे. शोरूमला सांगा रोटर नाहीतर पल्टी नांगर लावा. वर उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासनं किती वर आहे ते खडूनं मागच्या टायरवर खूण करून ठेवा आणि कागदपत्रं करायला बसा. अर्ध्या तासानं येऊन बघा, खुणेच्या बऱ्यापैकी खाली आलेला असला तर तो ट्रॅक्टर घ्यायचा नाही, दुसरा काढायला सांगा. इंजिन चालू असताना वर धरलेलं अवजार सारखं खाली-वर हलत असेल तरी तेच. मग ट्रॅक्टर थोडा फिरवून सपाट जागी उभा करा आणि खाली वाकून क्लच हाऊसिंग, पुढचे हब, मागचे ॲक्सल आणि डिझेल पंपाच्या जोडावर हात फिरवा, हात कोरडा आला पाहिजे.

आणि ५० तासाची पहिली सर्विस चुकवू नका, शोरूमनं "१०० ला आणा" म्हटलं तरी. त्या ऑइलात नव्या इंजिनाचा कीस असतो. सर्विस झाली की कुपनावर शिक्का आणि पुस्तकात तास लिहून घ्या, पुढं वॉरंटी मागताना पहिला प्रश्न तोच असतो.