शब्दचर्चा: 'अप्रूव्हल'ला मराठीत काय म्हणता?

मंडळी, एक शंका आहे. आमचं लेबल-पॅकेजिंगचं छोटं काम आहे, डिझाइन फिग्मावर टाकतो, क्लायंट तिथेच जागोजागी टाचण्या टोचल्यासारख्या कमेंटी टाकतो, आणि शेवटी 'अप्रूव्हल आलं' की फाइल प्रेसला. आता करार मराठीत करायला घेतलाय (क्लायंट लोणचीवाला, इंग्रजी कागदावर सही करायला कुरकुरतो) आणि नेमका याच शब्दावर अडलोय. 'मंजुरी' लिहिलं तर तलाठ्याकडे गेल्यासारखं वाटतं, 'पसंती' म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं, आज आहे उद्या नाही. 'मान्यता' शाळेला मिळते. काय लिहू?

—

मंजुरीला एवढं नाक नका मुरडू. मूळ अरबी, 'नजर'च्याच घरातला शब्द, अर्थ नुसता 'पाहिलेलं'. कोर्टातला नाझर पण याच भाऊबंदांतला. पाहिलं पासून कबूल केलं पर्यंत तो अर्थ सरकत आलाय. आता गंमत उलटी झालीये, २०१४ ला व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या तेव्हापासून क्लायंटने पाहिलंय हे आपल्याला दिसतं पण मंजूर मात्र काहीच नसतं. फोन केला की "हो हो, डोळ्यांखालून घातलंय". अहो, मग पुढे?

—

मी व्हिडिओ एडिट करते. फ्रेम डॉट आयओवर कमेंट थेट त्या सेकंदाला चिकटते, आणि कटला स्टेटस लावता येतं. 'नीड्स रिव्ह्यू'ला आम्ही ऑफिसात 'बघायचंय' म्हणतो, 'अप्रूव्ह्ड'ला 'ओके झालं'. त्याचं कोणाचं काही अडत नाही. आमचं अडलं ते 'रिझॉल्व्ह'वर, म्हणजे कमेंटीचं काम झालं अशी खूण करण्यावर! नवीन मुलाला म्हटलं, झालेल्या कमेंटी मिटवून टाक. त्याने डिलीट मारल्या, सगळ्या. त्यात क्लायंटची "लोगो आधी नको, शेवटी घ्या" ही पण गेली आणि पंधरा दिवसांनी तो म्हणतो मी असं बोललोच नव्हतो. चूक पोराची नाही, 'मिटवणे'ची आहे, भांडणही मिटवतो आणि पाटीवरचं अक्षरही मिटवतो. तेव्हापासून 'निकाली काढ' म्हणते. सरकारी वाटतं पण निकाली काढलेलं प्रकरण दप्तरात तरी राहतं.

—

'निकाली' झकास. आणि मूळ प्रश्नाला माझं उत्तर, मोर्तब. हसू नका. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची मुद्रा सगळ्यांना पाठ असते, पण मजकूर संपतो तिथली छोटी मुद्रा बघा, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे मजकुराची हद्द इथवर, याखाली कोणी ओळ घुसडायची नाही. तोच मोर्तब. तुमच्या लोणचीवाल्याकडून तुम्हाला होकार नकोच आहे, होकार तो रोज देतो, तुम्हाला हद्द हवीये. मंजूर म्हणजे आवडलं, चालेल. मोर्तब म्हणजे आता हात लावायचा नाही. इंग्रजी अप्रूव्हलमध्ये हे दोन्ही एकात कोंबलंय, म्हणून तर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की' अशा फायली साठतात.

—

मोर्तब पेपरात 'शिक्कामोर्तब' म्हणून वाचायला ठीक, फोनवर कोण म्हणणार? "काका, मोर्तब करताय ना?"

—

फोनवर नका म्हणू हो, करारात लिहा.

—

मूळ प्रश्नकर्ता. सगळ्यांचे आभार, दोन्ही वापरले. कलम असं केलंय: "ग्राहकाने डिझाइन मंजूर केल्यावर दोन दिवस दुरुस्त्या सुचवता येतील. त्यानंतर शिक्कामोर्तब झाले असे धरले जाईल व पुढील प्रत्येक बदलाचे बिल वेगळे." लोणचीवाल्याने वाचलं, 'मंजूर' शब्दावरून नुसती नजर फिरवली, 'शिक्कामोर्तब'वर थांबला. म्हणाला, म्हणजे यानंतर मिरचीचा लाल बदलायला पैसे पडणार? म्हटलं हो. मग सही न करता घरी गेला, आणि रात्री साडेअकराला फिग्मावर एकट्या मिरचीवर सहा टाचण्या.