लांब इंग्रजी शब्दांतील आघात मुलांना कसा शिकवावा?

प्रश्न
मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’सारखा शब्द आला की त्यात अक्षरे किती आणि जोर कुठे, हे मुले केवळ पाठांतराने सांगतात. स्पेलिंगमधले स्वर मोजायला सांगावे, तर ‘नेम’ या शब्दातला शेवटचा मूक ‘ई’सुद्धा मोजला जातो. याला काही पद्धत आहे का?

प्रतिसाद १
मॅडम, स्पेलिंग बाजूला ठेवून कानाला ऐकू येणारे स्वर मोजायला लावा. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी अशी सहा अक्षरे पडतात. शेवटी ‘इटी’ असेल तर मुख्य आघात त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर, म्हणजे येथे ‘बि’वर पडतो. ‘इक’ आणि ‘शन’ यांचेही बहुधा तसेच आहे: ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’, ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’. ‘अ‍ॅरबिक’ आणि ‘पॉलिटिक्स’ हे अपवाद मात्र आधीच सांगून ठेवावेत, कारण त्यांत जोर पहिल्याच अक्षरावर येतो.

प्रतिसाद २
नियम बरोबर आहे, पण माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच स्पष्टतेने उच्चारतो. इंग्रजीत आघात सरकला की उरलेले स्वर पुसट होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि उच्चार साधारण ‘फो-ट-ग्राफ’ होतो. ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्या अक्षरावर गेला की ‘फ-टॉ-ग्र-फी’ आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर गेला की ‘फो-ट-ग्रॅ-फिक’. या पुसट स्वराला आपला ‘अ’ बराच जवळचा आहे, त्यामुळे मुलांना तो नव्याने शिकवावा लागत नाही, फक्त कुठे वापरायचा ते दाखवावे लागते. हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणवून घ्याच.

प्रतिसाद ३
सगळेच प्रत्यय आघात हलवत नाहीत, हेही सांगायला हवे. ‘नेस’, ‘मेंट’, ‘फुल’ लागले तरी मूळ शब्दाचा जोर जागच्या जागी राहतो. उलट ‘एम्प्लॉयी’ आणि ‘इंजिनिअर’मध्ये तो थेट शेवटावर जातो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
मनःपूर्वक आभार. शब्दकोशात शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात, त्यांवरून अक्षरे पाडली तर चालेल का?

प्रतिसाद २
त्यांवर विसंबू नका. ते ठिपके बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा यासाठी असतात आणि उच्चारातल्या अक्षरांशी नेहमी जुळत नाहीत. शेजारी ध्वनिलिपीत दिलेला उच्चार पाहा. ज्या अक्षराच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असेल, त्यावर मुख्य आघात असतो आणि खालच्या बाजूची रेघ दुय्यम आघात दाखवते.