कुवारबावला चेहरा नाही म्हणणाऱ्यांना

गडगा:
काल इथे एकाने लिहिलं, ‘कुवारबाव म्हणजे स्टेशन आणि रत्नागिरी यांच्यामधला कंटाळवाणा रस्ता. ना वळण, ना चेहरा. नगरपरिषदेत घालून मोकळे व्हा.’ वाचून रात्री झोप लागली नाही. 1998 ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली आणि या कातळावर माणसं आली. एस.टी.तले, मिरजोळे एमआयडीसीतले, शिक्षक. शहरात जागा परवडत नव्हती म्हणून आली. आमच्या गल्लीत पहिल्या पावसात रस्ता नव्हता, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून चिरे टाकले. चेहरा असा घडतो. 1910 साली ब्रह्मदेशाचा कैदेतला थिबा राजा इथल्या नव्या राजवाड्यात गेला, तेव्हा तो राजवाडाही मोकळ्या टेकडीवरच होता. आज त्याला कुणी शहराबाहेरचा म्हणतं का?

मांडवीकर:
ते लिहिणारा मीच. राजवाडा आणि तुमची चार मजली खोकी एका तराजूत घालू नका. आमची नगरपरिषद 1876 ची आहे. तुम्ही आमची मंडई, नाट्यगृह, रस्ते वापरता आणि घरपट्टी भरता ग्रामपंचायतीला. हद्दवाढीचं नाव काढलं की मात्र ओरड.

नाचणेवाली:
मंडईत आम्ही फुकट भाजी नेत नाही. हद्दीत आलो तर पाणी देणार का, एवढंच सांगा. शीळ धरणाचं पाणी तुमच्याच उंच भागांत मे महिन्यात कसं येतं ते माझ्या बहिणीला विचारा. गेल्या वर्षी ती आंघोळीला माझ्याकडे येत होती.

पऱ्या:
पाण्याचं निघालंच आहे तर ऐका. गावाच्या नावात बाव, म्हणजे विहीर, आहे आणि आमच्या बावीचं पाणी आता पिता येत नाही. मागे इमारत झाली, तिच्या संडासाचा शोषखड्डा आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून. दोन पावसाळ्यांत पाण्याला वास. माझा मुलगा काविळीने महिनाभर अंथरुणाला होता.

मांडवीकर:
मुलाचं वाईट वाटलं. पण बिल्डरला परवानगी मिळाली तेव्हा गाव गप्प का होतं?

पऱ्या:
गप्प नव्हतो! तीन अर्ज दिले, पोच आहे माझ्याकडे. माझ्या पोराच्या आजारावरून मला गप्प बसल्याचा टोमणा मारू नका.

जांभाचिरा:
मी विहिरी खोदणाऱ्या घरातला. विहिरीपासून शोषखड्डा 18 मीटर लांब हवा असं मानक सांगतं, पण जांभ्यात तेवढंही पुरेल याची खात्री नाही. दगड भोकाभोकांचा, मातीसारखा गाळत नाही. भेग सापडली की मैला सरळ झऱ्याला. पाऊस धो धो पडतो आणि तसाच निसटतो, म्हणून मार्चनंतर बाव तळाला जाते आणि आहे त्या पाण्यात घाण दाट होते. खड्डे कितीही बांधा, एवढ्या दाट वस्तीला गटारयोजनाच लागते.

नाचणेवाली:
आणि त्या इमारतींतले अर्धे फ्लॅट मुंबईकरांचे, बंद. गणपतीला दहा दिवस उघडतात. बोअर मात्र सगळ्यांसाठी मारलेली. आमच्या विहिरीचं पाणी त्या बोअरनंतर दोन पायऱ्या खाली गेलं.

गिरगावहून:
फ्लॅट माझाही बंद आहे. कर्ज फेडतोय, निवृत्तीनंतर गावी यायचंय. मी काय चोर आहे?

नाचणेवाली:
चोर म्हटलं नाही. पण टाकीला पागोळीचं पाणी जोडून घ्या, कौलावरचं वाहून जाऊ देऊ नका. तेवढं तरी करा.

मांडवीकर:
गटारयोजनेचं मान्य. शहरातही सगळीकडे नाही, तेही मान्य करतो, नाईलाजाने. पण ती ग्रामपंचायतीच्या कुवतीतली नाही, म्हणून हद्दवाढच हवी. चेहऱ्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

गडगा:
योजना आधी कागदावर, तारखेसकट द्या. मग हद्दवाढीला माझी सही घ्या. चेहऱ्याबद्दल तुमची सही मला नको.

जांभाचिरा:
पऱ्या, पाणी तपासून घेतलंस का? निर्जंतुक बाटली जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतून घे, भरल्यावर चोवीस तासांच्या आत पोचव. अहवाल चौथ्या अर्जाला जोड. तोवर उकळूनच प्या.

पऱ्या:
उद्या सकाळी जातो. शेजारच्या दोन बावींचंही नेतो.