पान पिकतं, जून होतं की म्हातारं?

शेपू
शेतकीच्या विद्यार्थ्यांसाठी एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय आहे पॉलिअमाइनं, म्हणजे पुट्रेसीन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन. पेशीतले हे छोटे रेणू धनभारित असतात, त्यामुळे ऋणभारित डीएनए, आरएनए आणि पेशीपटलाला बिलगून त्यांना सावरतात. भराभर विभागणाऱ्या कोवळ्या पेशींना त्यांच्याशिवाय वाढता येत नाही. ओटची पानं तोडून अंधारात ठेवली की हिरवेपणा जातो. ती स्पर्मिडीनच्या द्रावणात ठेवली तर उशिरा जातो.

अडलंय ते 'सेनेसन्स' या शब्दापाशी, म्हणजे पानाफळाचं वय होऊन हळूहळू संपत जाणं. मी लिहिलं, 'पॉलिअमाइनं पानाचं वार्धक्य लांबवतात.' संपादकांनी 'वार्धक्य'भोवती लाल गोल केला आणि 'जीर्णन' सुचवलं. आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. एक पिवळं पान बाजूला टाकत म्हणाली, "पान पिकतं गं. म्हातारं कशाला होईल?"

मला पटलं. पण पुढच्याच परिच्छेदात टोमॅटो आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यीस्टचा एक जीन टोमॅटोत घालून फळातलं स्पर्मिडीन आणि स्पर्मीन वाढवलं. फळं झाडावर जास्त दिवस टिकली, शिवाय लाल रंगाचं लायकोपीनही वाढलं. म्हणजे टोमॅटो पिकला उत्तम, पण ____ उशिरा. या रिकाम्या जागी काय? दोन्हीकडे 'पिकणं' घातलं तर वाक्य स्वतःलाच खोडतं.

पाडाचा आंबा
'उतरला'! आंबा पाडाला लागतो, अढीत पिकतो आणि मग उतरतो. मंडईत फळवाले सांगतातच, "हे उतरायला आलेत, आजच खा."

साताऱ्याची सून
फळाला ठीक, पण पान कसं उतरेल? आमच्याकडे जून म्हणतात. आणि गंमत बघा, 'जून' आणि 'जुना' दोन्ही संस्कृत जीर्ण-जूर्णवरून, प्राकृतातल्या 'जुण्ण'मधून आलेत. संपादकांचं 'जीर्णन' आणि भाजीवालीचं 'जून' एकाच घरातले.

शेपू
हे माहीत नव्हतं, खूप आवडलं.

कोथरूडकर
घर एक असेल, अर्थ एक नाही. जून भेंडी हिरवीच असते, फक्त धागा धरते, मोडायला गेलं तर वाकते. तिचं हरितद्रव्य कुठे गेलेलं असतं? तुमच्या लेखातलं पान पिवळं पडतंय. जून आणि निबर हे शब्द चिवटपणाचे आहेत.

मला यातला बोलीचा आग्रहच पटत नाही. परिभाषेला पान, फूल, फळ, पेशी सगळ्यांना चालेल असा एकच शब्द लागतो. 'जीर्णन' वापरा, रुळेल. नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) हे शब्दही घडवलेलेच आहेत, आणि आज कृषी सेवा केंद्रात शेतकरी तेच बोलतो. त्याच न्यायाने 'पॉलिअमाइन' नको, 'बहुअमाइन' हवं. पॉलिमरला 'बहुवारिक' चालतं ना?

साताऱ्याची सून
पालाश पोत्यावर छापलेलं असतं म्हणून रुळलं. बहुअमाइनचं पोतं कोण विकतंय?

पानमळा
आजोबांचा कपुरी पानांचा मळा होता, म्हणून लिहितो. विड्याचं पान पिकलं की पिवळसर होतं, कोवळ्या पानाचा तिखटपणा जातो आणि ते तोंडात विरघळतं. आजोबा गिऱ्हाइकासाठी अशी पानं वेगळी काढून ओल्या फडक्यात ठेवायचे. आमच्या घरी 'पिकलं' ही तक्रार नव्हती, कौतुक होतं.

'जीर्णन'मध्ये नुसतं झिजणं येतं. गव्हाचं पान पिवळं पडतं तेव्हा ते आपलं नत्र दाण्याकडे पाठवत असतं. मरण्याआधी घर आवरून, ज्याचं त्याला देऊन निघणं आहे ते. म्हणून आईंचा 'पिकणं'च बरोबर. टोमॅटोचं वाक्य बदला, शब्द बदलू नका.

शेपू
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण टोमॅटोचं वाक्य बदलता येत नाही, लेखाचा जीव तिथेच आहे. स्पर्मिडीन आणि इथिलीन दोन्ही एकाच द्रव्यापासून होतात, एस-अडेनोसिल मिथिओनिन. एकाच कोठीतला शिधा, दोन चुली. आणि इथिलीन म्हणजे अढीत कोंडून आंबा पिकवणारा वायू. पिकणं आणि त्यानंतरचं ते दुसरं काहीतरी, हे वेगळं दाखवलं नाही तर विद्यार्थ्याला काय कळणार?

कोथरूडकर
म्हणूनच जीर्णन.

सातू
पुट्रेसीनबद्दल कुणीच बोललं नाही! जर्मन डॉक्टर ब्रीगर यांनी 1885 मध्ये ते कुजक्या मांसात शोधलं, म्हणून लॅटिनमधल्या 'कुजणे'वरून नाव. त्या लॅटिन शब्दाचा आणि संस्कृत 'पूति', 'पूय' यांचा धातू मूळचा एकच. म्हणजे आपला जखमेतला 'पू' पुट्रेसीनचा चुलतभाऊ. आणि हेच द्रव्य, पालाश कमी पडलं की सातूच्या हिरव्या पानांत साठतं. 1952 मध्येच दिसलं होतं.

पानमळा
मग नावावर जाऊच नये. कुजण्याचं नाव लावून कोवळ्या कोंबात बसलंय.

पाडाचा आंबा
सातू, 'पू'चं छानच. पण वर सगळ्यांनी 'अढी' लिहिलंय, मीही. आमच्या राजापुरात 'आढी' म्हणतात, आ दीर्घ. आजी पेंढ्यात हात घालून आंबे चाचपायची आणि म्हणायची, "आढी मोडायला झाली."

साताऱ्याची सून
अढीच. आढी मी कधी ऐकलं नाही.

कोथरूडकर
कोशात दोन्ही आहेत.

पाडाचा आंबा
कोशात असेल. आजीच्या तोंडी एकच होतं.